वजन सारखं धरलं तर

माझे मामा फौजेत होते. पलटणीच्या संघातून ते 54 किलोच्या गटात बॉक्सिंग खेळले, पुढे तिथेच पोरांना शिकवलं, आणि आता कराडजवळच्या गावी शेती बघतात. मी पुण्यात संख्याशास्त्र शिकवते. मे महिन्यात गावी गेले की आमचा एक जुना वाद पुन्हा सुरू होतो. सगळ्यांचं वजन सारखं धरलं तर आजवरचा सर्वांत मोठा मुष्टियोद्धा कोण? बॉक्सिंगवाले याला ‘पाउंड फॉर पाउंड’ म्हणतात. मामांचा भरवसा डोळ्यांवर, माझा नोंदवहीवर. यंदा हा वाद मी कागदावर उतरवला, कारण यंदा माझं एक मत बदललं.

जेवणं आटोपून आम्ही अंगणात बसलो होतो. मी वही उघडली.

मी : यादी करून आणली आहे, मामा. पहिलं नाव हेन्री आर्मस्ट्राँग.

मामा : पहिलं नाव शुगर रे रॉबिन्सन. त्याच्या खाली कोण, ते बोल.

मी : आधी माझं ऐकून तर घ्या. 1937 च्या ऑक्टोबरात आर्मस्ट्राँगने पीटी सॅरनला हरवून फेदरवेटचा किताब घेतला, म्हणजे 126 पाउंडांचा. पुढच्या मे महिन्यात बार्नी रॉसकडून वेल्टरवेटचा, 147 चा. मधला लाइटवेट राहिला होता, तो ऑगस्टमध्ये लू अँबर्सकडून घेतला. दहा महिन्यांत तीन किताब, आणि तिन्ही एकाच वेळी त्याच्याकडे. तेव्हा जगात वजनगट होते आठ. आज गट सतरा आहेत आणि प्रत्येक गटात चार संघटनांचे चार पट्टे. सतरा चोक अडुसष्ट. मॅनी पॅकियाओने आठ गटांत किताब मिळवले ही मोठीच गोष्ट. पण तेव्हाच्या आठांपैकी तीन एकट्याने एकाच वेळी धरणं, हे मला त्याहून मोठं वाटतं.

मामा : हिशेब बरोबर आहे. पण तू 126 आणि 147 हे आकडे वाचतेस, मला त्यात माणूस दिसतो. रॉसपुढे उभं राहण्याआधी आर्मस्ट्राँग पोटभर पाणी पिऊन काट्यावर चढला होता म्हणतात. बाकीचे बॉक्सर वजन उतरवण्यासाठी पाणी तोडतात, हा ते भरून काढण्यासाठी पीत होता! आता माझं सांगतो. माझं अंगचं वजन 58 च्या घरात. खेळायचो 54 मध्ये. स्पर्धेआधी घोंगडी गुंडाळून धावायचं, रात्री पाण्याचा थेंब नाही, सकाळी काट्यावर. आणि आमच्या खेळात ज्या दिवशी लढत त्या सकाळी वजन. एकदा पलटणीला 57 मध्ये माणूस नव्हता, मला उतरवलं. फक्त तीन किलोंचा फरक, अगं. पहिल्या फेरीत मला काहीच वाटलं नाही. दुसरीत त्याने नुसतं खांद्याने रेटलं तरी मी दोन पावलं मागे. तिसरीत माझा जॅब त्याच्या तोंडावर बसत होता आणि तो त्यातून चालत येत होता. गुणांवर हरलो. तेव्हापासून कुणी वरच्या गटात जाऊन जिंकला असं ऐकलं की मी टोपी काढतो.

मी : मग आर्मस्ट्राँगला पहिला का म्हणत नाही?

मामा : कारण वर चढणं हा एक गुण झाला, बॉक्सिंग त्याहून मोठं आहे. आर्मस्ट्राँग आत घुसायचा, डोकं छातीला लावायचा आणि हात थांबवायचाच नाही. ते एकच हत्यार होतं, फार मोठं होतं, पण एकच. रॉबिन्सनचं बघ. लांबून जॅब, जवळून हुक, मागे सरकताना मारलेला ठोसासुद्धा माणूस झोपवणारा. 1957 साली शिकागोत जीन फुलमरला पाचव्या फेरीत मारलेला तो डावा हुक मी पोरांना किती वेळा दाखवला असेल! फुलमर तोवर कधी मोजून बाद झाला नव्हता. पाय मागे जातायत आणि हात पुढे येतोय, हे शिकवता येत नाही.

मामा बोलता बोलता उठून उभे राहिले आणि तो हुक त्यांनी हवेत मारून दाखवला. गुडघे दुखतात, पण डावा पाय अजून नेमका जागेवर पडतो.

मला मात्र उत्तर हवं होतं ते दुसऱ्याच प्रश्नाचं. वजनाचा हिशेब करण्याची एखादी पद्धत असावी, असं मला कायम वाटत आलं आहे. वेटलिफ्टिंगमध्ये ती आहे. उंची दुप्पट झाली की स्नायूचा छेद चौपट होतो, वजन मात्र आठपट. म्हणून शरीर वाढतं त्या प्रमाणात ताकद वाढत नाही. 1988 साली सोलला नईम सुलेमानोग्लूने 60 किलोच्या गटात क्लीन अँड जर्कमध्ये 190 किलो उचलले, स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून जास्त. सुपर हेवीवेटमधल्या कुणालाही हे जमलेलं नाही, जमणारही नाही. तिथे सिंक्लेअर गुणांक वापरून वेगवेगळ्या वजनांच्या लिफ्टरांची तुलना करतात, आणि ती पटते, कारण लोखंड सगळ्यांना सारखंच असतं.

मी : तसा गुणांक बॉक्सिंगला का नाही लावता येणार?

मामा : लोखंड उलटून मारत नाही म्हणून. तू उचललेलं वजन उद्या तेवढंच असतं. समोरचा बॉक्सर उद्या तोच नसतो. आणि वजनाचा आकडा तरी कुठे तोच राहिलाय? रॉबिन्सनच्या काळात सकाळी वजन, रात्री लढत. आज आदल्या दिवशी वजन घेतात. चोवीस तासांहून जास्त वेळ मिळाला की गडी पाणी पिऊन, खाऊन दहा-पंधरा पाउंड परत भरतो. तेव्हाचा 147 पाउंडांचा माणूस आणि आजचा 147 पाउंडांचा माणूस हे दोन वेगळे आकडे आहेत. तुझ्या वहीत ते एकाच रकान्यात बसलेत.

हे मला मान्य करावं लागलं. 2010 साली पॅकियाओने मार्गारितोला हरवून 154 पाउंडांचा रिकामा किताब घेतला, तेव्हा करारात मर्यादा 150 ची ठरली होती. म्हणून काही जण ती लढत कमी लेखतात. पण रिंगमध्ये उतरताना मार्गारितो त्याच्यापेक्षा कितीतरी जड होता, आणि त्या रात्री डोळ्याखालचं हाड मोडलं ते मार्गारितोचं. 112 पाउंडांत पहिला जागतिक किताब जिंकलेल्या माणसाने हे केलं. काट्यावरचा करार एक सांगतो, रिंग दुसरंच सांगते.

मी : मग हेवीवेटचं काय करायचं? सामान्य माणसाला विचारा, सर्वांत मोठा कोण. तो अलीचं नाव घेतो.

मामा : घेणारच. जत्रेतल्या कुस्त्या आठव. सकाळी पोरांच्या कुस्त्या नारळावर आणि रेवड्यांवर, आणि शेवटची मोठी कुस्ती सगळ्यात जड पैलवानांची. माणूस थांबतो ती बघायला. इनामही तिचंच मोठं. बॉक्सिंगमध्येही तेच झालं. हेवीवेटचा जगज्जेता म्हणजे जगातला सर्वांत भारी माणूस, असं लोक शंभर वर्षं धरून चालले. पाउंड फॉर पाउंड हा शब्दच त्यासाठी लागला. रॉबिन्सनसारख्याला हेवीवेट जो लुईच्या शेजारी उभं करायला वजन विसरावं लागत होतं. आणि अली? अली स्वतः रॉबिन्सनला आपला आदर्श मानायचा.

मी : माझी अडचण वेगळी आहे. हेवीवेटला वर चढायला पायरीच नाही. आर्मस्ट्राँग वरच्या गटात गेला, म्हणून त्याची परीक्षा झाली. अली कुठे जाणार?

मामा : म्हणून मला उसिक महत्त्वाचा वाटतो. क्रूझरवेटमध्ये चारही पट्टे घेतले आणि वर आला. 2024 च्या मे महिन्यात रियाधला टायसन फ्युरीला हरवलं, फ्युरी त्याच्यापेक्षा 38 पाउंडांनी जड. त्याच वर्षी डिसेंबरात पुन्हा हरवलं, तेव्हा तर फरक पन्नासच्या वर. हेवीवेटमध्येही पायरी असते, फक्त ती समोरच्या माणसाच्या रूपात उभी असते.

इथे मामांनी मेरी कोमची आठवण काढली. 2012 साली लंडनला बायकांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, पण गट तीनच ठेवले : 51, 60 आणि 75 किलो. मेरीने तोवरची पाचही जगज्जेतेपदं 48 पर्यंतच्या गटांत जिंकलेली. तिला 51 मध्ये जावं लागलं. उपांत्य फेरीत निकोला अ‍ॅडम्सकडून हरली, कांस्य मिळालं. “त्या कांस्यात तीन किलो मिसळ,” मामा म्हणाले, “मग बोल.” तीन किलो म्हणजे काय ते त्यांच्या तोंडून नुकतंच ऐकलं होतं, त्यामुळे मी काही बोलले नाही.

मग ते आमच्याच भागाकडे वळले. कुस्तीगीर खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून जवळ. खाशाबा 1948 ला लंडनमध्ये फ्लायवेटला सहावे आले आणि 1952 ला हेलसिंकीत बँटमवेटला, 57 किलोत, कांस्य घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. पुढे किती हिंदकेसरी झाले, शंभर-सव्वाशे किलोचे. “आमच्या गावात खाशाबांच्या वर कुणी कुणाचं नाव घेत नाही,” मामा म्हणाले. “वजन सारखं धरायला आम्हाला कुणी इंग्रजी शब्द शिकवावा लागला नाही.”

मी : पण मामा, खाशाबांना पदक मिळालं म्हणून. ती नोंद आहे. सहावे आले असते आणि नोंद तिथेच संपली असती, तर गाव असं म्हणालं असतं का?

मामा जरा वेळ गप्प बसले. मग “नसतं,” एवढंच म्हणाले.

तेव्हा मी माझं दुसरं नाव काढलं. हे नाव मी मुद्दाम राखून ठेवलं होतं.

मी : हॅरी ग्रेब.

मामा : ऐकलंय खूप. पाहिला नाही.

मी : कुणीच पाहिलेला नाही. त्याच्या जवळपास तीनशे लढती झाल्या, 1913 ते 1926. त्यातल्या एकीचंही चित्रण आज उपलब्ध नाही. सरावाचं थोडंसं आहे, तेवढंच. मिडलवेटचा माणूस. एका डोळ्याची नजर लढतीतच गेली, आणि तो एका डोळ्यावर पुढची वर्षं लढत राहिला. 1922 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कला त्याने जीन टनीला पंधरा फेऱ्या झोडपलं. टनी त्याच्यापेक्षा बारा-तेरा पाउंडांनी जड. टनीचं नाक मोडलं. हाच टनी पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला, जॅक डेम्प्सीला त्याने दोनदा हरवलं. आणि टनीच्या सगळ्या कारकिर्दीत पराभव एकच, ग्रेबकडून. आता सांगा. तुमच्या डोळ्यांनी बघायचं म्हटलं तर हा माणूस यादीतच येत नाही.

मामा : टनीने पुढे ग्रेबला हरवलं ना?

मी : हरवलं. पण पहिल्यांदा टनी जड, तरुण आणि अजिंक्य होता, आणि तरी हरला.

मामा : आणि त्या लढतींचे निकाल? त्या काळी बऱ्याच राज्यांत निकाल द्यायलाच बंदी होती. दोघं उभे राहिले की अधिकृत निकाल नाही, दुसऱ्या दिवशी पेपरवाला लिहील तो जिंकला. ग्रेबच्या कितीतरी लढती अशाच पेपरच्या निकालांच्या आहेत. म्हणजे तुझी नोंदवहीसुद्धा कुणाच्या तरी डोळ्यांनीच भरलेली. रिंगजवळ बसलेल्या वार्ताहराच्या डोळ्यांनी.

हा ठोसा मला नीट बसला. विद्यार्थ्यांना मी पहिल्याच तासाला सांगते की आकडा कुणी, कुठून आणि कसा गोळा केला ते आधी विचारा. ग्रेबच्या बाबतीत मीच ते विचारलं नव्हतं. पण माझ्याकडेही एक ठोसा शिल्लक होता.

मी : बरं. मग तुमच्या रॉबिन्सनकडे येऊ. त्याचा भर कधीचा? 1946 च्या डिसेंबरात तो वेल्टरवेटचा जगज्जेता झाला. 1943 मध्ये जेक लामोटाने त्याला हरवलं, आणि तिथपासून 1951 च्या जुलैत लंडनला रँडी टर्पिनने हरवेपर्यंत 91 लढतींत तो एकदाही हरला नाही. तो काळ, 147 पाउंडांचा, तो खरा रॉबिन्सन. बरोबर?

मामा : बरोबर.

मी : त्या काळाचं चित्रण किती उरलंय?

मामा : (थांबून) फार थोडं.

मी : तुम्ही पाहिलेला रॉबिन्सन बहुतेक 160 पाउंडांचा. 1951 च्या फेब्रुवारीत लामोटाला तेराव्या फेरीत थांबवून मिडलवेटचा किताब घेतला, तेव्हा तो 29 वर्षांचा होता आणि सव्वाशेच्या आसपास लढती अंगावर होत्या. फुलमरला मारलेला तो हुक? त्या दिवशी तो 36 ला दोन दिवस कमी होता! तुमचा डोळा ज्याला पहिला नंबर देतो तो उतरणीवरचा रॉबिन्सन आहे. भरातल्या रॉबिन्सनबद्दल तुम्हीही नोंदवहीवरच विश्वास ठेवता.

मामांनी मान हलवली. ती नकाराची नव्हती. “मग विचार कर,” ते म्हणाले, “उतरणीवर जो असा, तो भरात काय असेल.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. माझं मत बदललं ते मात्र यापुढच्या लढतीमुळे.

1952, जूनची 25 तारीख, यांकी स्टेडियम. मिडलवेटचा जगज्जेता रॉबिन्सन वरच्या गटात जाऊन लाइट हेवीवेटच्या जोई मॅक्सिमशी लढला. मॅक्सिम पंधरा पाउंडांनी जड. त्या रात्री उकाडा असा होता की रिंगच्या दिव्यांखाली पारा शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेला. दहाव्या फेरीनंतर रेफरी रूबी गोल्डस्टीनलाच उभं राहवेना, त्याच्या जागी दुसरा रेफरी आणावा लागला. रॉबिन्सन तिन्ही गुणपत्रिकांवर पुढे होता. तेराव्या फेरीत मारायला गेला आणि स्वतःच तोल जाऊन पडला. चौदाव्या फेरीला तो स्टुलावरून उठू शकला नाही. सुमारे दोनशे लढतींच्या कारकिर्दीत तो वेळेआधी थांबला तो एवढ्या एकदाच.

मी : माझ्या नोंदवहीत या लढतीपुढे ‘पराभव’ लिहिलंय.

मामा : आणि तू काय म्हणतेस?

मी : पंधरा पाउंड जास्त असलेल्या माणसाला तो तेरा फेऱ्या हरवत होता. आर्मस्ट्राँगने 1940 मध्ये सेफेरिनो गार्सियाशी मिडलवेटच्या किताबासाठी बरोबरी केली, ती मी त्याच्या बाजूने धरते. बरोबरी धरायची आणि हे धरायचं नाही, हे मला पटत नाही. लामोटाशीही तसंच. 1943 ला त्याच्याकडून हरला तेव्हा रॉबिन्सन सोळा पाउंडांनी हलका होता. सहा लढती झाल्या, पाच रॉबिन्सनने जिंकल्या. वजनाचा फरक प्रत्येक निकालाशेजारी लिहिला की रॉबिन्सनचे पराभवसुद्धा आर्मस्ट्राँगच्या विजयांच्या बरोबरीने उभे राहतात. आणि आर्मस्ट्राँगकडे नसलेलं जे तुम्ही मघाशी दाखवलंत, मागे सरकत मारलेला तो ठोसा, तो वेगळाच.

मामा : म्हणजे पहिला कोण?

मी : रॉबिन्सन.

मामांना आनंद झाला, पण त्यांनी तो दाखवला नाही. त्यांनी माझ्या हातून वही घेतली, चष्मा लावला आणि यादी खालपर्यंत वाचली. दुसऱ्या जागी मी ग्रेब ठेवला होता, तिसऱ्या जागी आता आर्मस्ट्राँग आला. चौथ्या जागेवर रोबेर्तो दुरानचं नाव होतं. लाइटवेटचा राजा, 1980 मध्ये माँट्रियलला वर चढून शुगर रे लेनर्डला हरवणारा, आणि 1989 मध्ये, 37 व्या वर्षी, आयरन बार्कलीकडून मिडलवेटचा किताब घेणारा. त्याच्या खाली पॅकियाओ, विली पेप, आणि 2025 च्या सप्टेंबरात दोन गट वर जाऊन कनेलो अल्वारेझला हरवणारा टेरेन्स क्रॉफर्ड.

मामा : सॅम लँगफर्ड कुठंय?

मी : अकरावा. त्याच्या नावावर जगज्जेतेपद नाही. पद्धतीप्रमाणे त्याला त्या रकान्यात शून्य मिळतं.

मामा : का नाही मिळालं जगज्जेतेपद?

मला माहीत होतं, मामांनाही माहीत होतं, तरी त्यांनी ते माझ्याकडून वदवून घेतलं. लँगफर्ड नोव्हा स्कोशियाचा, काळा, उंचीने जेमतेम पाच फूट सात इंच. 1903 मध्ये त्याने लाइटवेटचा जगज्जेता जो गॅन्सला हरवलं. त्यानंतर तो वजन वाढवत हेवीवेटपर्यंत गेला. 1906 मध्ये मॅसॅच्युसेट्सला जॅक जॉन्सनशी पंधरा फेऱ्या लढला. जॉन्सन त्याच्यापेक्षा जवळजवळ तीस पाउंडांनी जड होता, आणि लढत जॉन्सनने जिंकली. 1908 च्या डिसेंबरात जॉन्सन जगज्जेता झाला. हेवीवेटच्या गोऱ्या जगज्जेत्यांनी काळ्यांना किताबाची लढत नाकारायची, ही तेव्हाची रीत. जॉन्सनने ती स्वतःसाठी फोडली. पण जगज्जेता झाल्यावर त्याने लँगफर्डला परत एकदाही संधी दिली नाही. काळ्या बॉक्सरांना मग आपापसांतच पुन्हा पुन्हा लढावं लागे. लँगफर्ड आणि हॅरी विल्स पंधराहून अधिक वेळा लढले. शेवटी त्याची दृष्टी गेली. 1944 साली एका वार्ताहराने त्याला हार्लेममध्ये शोधून काढलं, तेव्हा तो पूर्ण आंधळा आणि कफल्लक होता.

मामा : मग त्या रकान्यात तू शून्य कसं लिहितेस? परीक्षेला बसूच दिलं नाही त्याला.

मामांना संख्याशास्त्र येत नाही, पण त्यांनी जे बोट ठेवलं ते नेमक्या जागी होतं. मिळालेलं शून्य आणि न घेतलेलं माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. माझ्या यादीत मात्र मी लँगफर्डच्या रकान्यात शून्य भरून त्याला सात जागा खाली ढकललं होतं.

पुण्याला परतल्यावर मी यादी नव्याने केली. प्रत्येक लढतीशेजारी दोघांच्या वजनातला फरक लिहिला, आणि जिथे लढत नाकारली गेली तिथे रकाना मोकळा ठेवला. पहिला रॉबिन्सन, दुसरा ग्रेब, तिसरा आर्मस्ट्राँग, चौथा लँगफर्ड. दुरान पाचवा.